एक डॉलर पंचावन्नचा फोटो

मुलीच्या लग्नासाठी लिहिलेल्या माहितीत थोडं इकडचं तिकडे केलं, तर त्याला मी खोटं म्हणत नाही. पगार फुगवून सांगणं, मोडलेलं लग्न लपवणं, पत्रिकेतला मंगळ गायब करणं ही खरी लबाडी, आणि ती मी कधी केलेली नाही. मी फक्त माझ्या भाचीच्या, नेत्राच्या, वयातून चार वर्षं काढून टाकली. एकतीसची सत्तावीस केली.

चार वर्षं काढली की बाकीच्या तारखाही सरकवाव्या लागतात. नेत्रा नागपूरहून शिकायला माझ्याकडे आली ती २००१ च्या ऑगस्टमध्ये. मी लिहिलं २००५. मग मास्टर्स २००७ मध्ये संपलं आणि नोकरी नुकतीच लागली, असं ओघाने आलंच. हे सगळं मी सनीव्हेलच्या माझ्या स्वयंपाकघरात, भाजी शिजेपर्यंतच्या वेळात केलं. नेत्राला विचारलं नाही. ती आधीच म्हणाली होती, "मावशी, तुला जे लिहायचं ते लिही, जिथे पाठवायचं तिथे पाठव. मला फक्त वाचायला लावू नकोस. मी डायरेक्ट मुलाशी बोलेन." इतकी मोकळीक दिल्यावर माझ्यासारखी बाई गप्प बसेल का?

फोटो मात्र अस्सल होता. नेत्रा इथे आली त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने, श्रीरामने, काढलेला. पिवळा कुडता, लांब वेणी, हातात पेट्रोलची नळी आणि चेहरा भरून हसू. आपल्याकडून नवीन आलेलं माणूस पहिल्या महिन्यात हा फोटो काढून घरी पाठवतंच. भारतात पंपावर भरून द्यायला माणूस असतो, इथे आपणच उतरून भरायचं, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! पुढे हजार वेळा भरायचं असतं आणि थंडीत बोटं गारठतात तेव्हा कुणी फोटो काढत नाही, ते सोडा. पण त्यानंतर नेत्राचा असा हसरा फोटो आमच्या घरात दुसरा नव्हता, म्हणून मी तोच पाठवला.

पाठवला गुरुनाथरावांना. हे श्रीरामचे जुने मित्र, सॅन होजेला राहतात, आणि इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या कमी आणि सूचना जास्त देतात. त्यांचा पुतण्या परीक्षित व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, नोकरीला होता. उलट टपाली त्याचीही माहिती आली, "सोबत अलीकडचा फोटो" असं लिहून. आणि पाहते तर काय, तोही पंपावर! हातात नळी, मागे दराचा उंच फलक, आणि डोक्यावर केसांचं रान. मला मुलगा एकदम पसंत पडला.

मग फोन सुरू झाले. आधी आठवड्यातून एक, मग रोज संध्याकाळी. नेत्रा खोलीचं दार लोटून घ्यायची आणि दाराआडून तिचं हसणं ऐकू यायचं. मी भाजी चिरता चिरता हात थांबवून ऐकायची. सरळ सांगते, तोवर मला हे स्थळ चांगलं वाटत होतं. ते हसणं ऐकल्यावर मला ते हवंच होतं. हे मोडलं असतं तर मला सहन झालं नसतं.

आता नेत्राच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. अमेरिकेचं सरकार दर सोमवारी देशभरातल्या पंपांवरून पेट्रोलचे भाव गोळा करतं. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, पण माझ्यासाठी गॅस म्हणजे शेगडी, तेव्हा मी पेट्रोलच म्हणणार. तर हे भाव विभागवार असतात. पूर्व किनारा वेगळा, मधला भाग वेगळा, आमचा पश्चिम किनारा वेगळा आणि सगळ्यात महाग. नेत्राची छोटीशी कंपनी हे सगळे जुने भाव साठवून ठेवते आणि वेब सर्व्हिस नावाच्या प्रकाराने लोकांना देते. मी एकदा विचारलं, म्हणजे नेमकं काय? तर म्हणाली, "खिडकीवरचा कारकून समज. तुझ्या कॉम्प्युटरने चिठ्ठी सरकवायची: अमुक विभाग, अमुक आठवडा. आतून चिठ्ठी येते: भाव इतका. बस. चहा नाही, गप्पा नाही." ट्रकवाल्या कंपन्या म्हणे हे विकत घेतात. बाकीच्यांना फुकटात दिवसाला पन्नास चिठ्ठ्या. त्या कारकुनाची देखभाल नेत्राकडे, गेली चार वर्षं.

गेली चार वर्षं! आणि माझ्या कागदावर ती दोन वर्षांपूर्वी देशात आलेली. मला वाटलं होतं, तरुण मुलं फोनवर तारखा बोलत नाहीत.

एका शनिवारी सकाळी नेत्रा लॅपटॉप घेऊन टेबलाशी आली. हसू दाबत होती.

"मावशी, परीक्षितचा फोटो कधीचा आहे म्हणालीस?"

"अलीकडचा. गुरुनाथरावांनी लिहिलंय तसं."

"मागचा बोर्ड बघ. गॅलनला एक डॉलर नऊ सेंट. काल मी तीन वीसने भरलं." तिने पडद्यावर आकड्यांची रांग दाखवली. "ईस्ट कोस्ट. इतकं स्वस्त २००१ चा डिसेंबर ते २००२ चा फेब्रुवारी, एवढ्यातच होतं. नंतर एकदाही नाही. हा फोटो जवळजवळ सहा वर्षं जुना आहे!"

मी खुर्चीतून उठलेच. "अगं, ही तर सरळ फसवणूक! अलीकडचा म्हणून सहा वर्षांपूर्वीचा मुलगा खपवतात? त्या गुरुनाथला मी आत्ता फोन करते. लग्नासारखी गोष्ट, आणि माणसाला जनाची नाही तर मनाची..."

फोन हातात घेतला, अर्धा नंबर फिरवला, आणि मला मीच पाठवलेला पिवळ्या कुडत्यातला फोटो आठवला. नेत्राच्या मागेही एक फलक होता. मी फोन खाली ठेवला.

"का गं? काय झालं?"

"जाऊ दे. मोठं मन करावं माणसाने," मी म्हटलं.

नेत्रा बघतच राहिली. मी मोठं मन केल्याची तिच्या आठवणीत ही पहिलीच वेळ असावी.

ती बाहेर गेल्यावर मी कपाटातून मूळ फोटो काढला आणि भिंग लावून पाहिला. एक डॉलर पंचावन्न. आकडे इतके ठळक, की श्रीरामने भाचीचा फोटो काढला की फलकाचा, असा प्रश्न पडावा.

तरी मी स्वतःची समजूत घातली. पुरुष फोटोत मुलगी बघतात, मागचा फलक बघत नाहीत. ही समजूत मंगळवारपर्यंत टिकली. मंगळवारी जेवताना नेत्राचा फोन टिंगटिंगला.

"गंमत आहे," ती म्हणाली. "परीक्षितने आमची फुकटवाली की, म्हणजे भाव मागायचा परवाना, घेतलीय. आज त्याच्या पन्नास चिठ्ठ्या संपल्या म्हणून मला मेल आलं. कुणी लिमिट क्रॉस केली की येतं."

"त्याला कशाला हवेत भाव?"

"तेच तर! आणि ईस्ट कोस्टचे नाही, आपले, वेस्ट कोस्टचे. आजपासून सुरू करून एकेक आठवडा मागे मागे चाललाय. आज २००६ च्या नोव्हेंबरपर्यंत पोचला."

 पोरगा पन्नास पन्नास आठवड्यांच्या ढांगा टाकत माझ्याकडे येत होता. मी मनातल्या मनात हिशेब केला: उद्या २००६ संपणार, परवा २००५. एक पंचावन्नचा पत्ता आठवडाभरात लागणार.

"नेत्रा, ते फुकटचं बंद करता येत नाही का?"

"का बंद करू?"

"उगाच लोक कंपनीला लुबाडतात. बरं, बंद नको. पण एखाद्या आठवड्याचा भाव थोडा इकडेतिकडे दाखवता येत असेल ना? म्हणजे समज २००५ चा एखादा ऑगस्ट..."

"मावशी! ते गव्हर्नमेंटचे आकडे आहेत. आणि तुला अचानक पेट्रोलमध्ये इंटरेस्ट कुठून आला?"

"मला कसला इंटरेस्ट? भात घे अजून."

ती भात घेत म्हणाली, "बिचारा पन्नासावर अडकलाय. त्याची लिमिट पाचशे करून टाकते."

आणि माझ्यासमोर, डाव्या हाताने, तिने करूनही टाकली.

त्यानंतरचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की वाटायचं गुरुनाथराव, स्थळ मोडल्याचं सांगायला. नेत्राला खरं सांगावं म्हणून तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. तिन्ही वेळा आतून ती हसत होती, आणि तिन्ही वेळा मी परत फिरले. मी भित्री आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मग परीक्षितचं सॅन होजेला ऑफिसचं काम निघालं आणि रविवारी चार वाजता काका-पुतणे आमच्याकडे आले. मी साबुदाणेवडे तळले होते. दार उघडलं तर समोर उंच, हसऱ्या डोळ्यांचा मुलगा. फोटोतलं रान पार ओसाड झालेलं, कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलेलं. चेहरा मात्र फोटोपेक्षा कितीतरी चांगला, हे मला कबूल करावंच लागलं.

"फोटो अलीकडचा म्हणाला होतात," मी गुरुनाथरावांना बाजूला घेऊन म्हटलं.

"व्हर्जिनियाचं पाणी जड आहे हो, वहिनी," ते म्हणाले. "केस पटापट जातात."

वडे झाले, चहा झाला. पोरगा तीन वडे मन लावून खाऊन हात पुसत म्हणाला, "मावशी, तुम्हाला एक विचारू? मला एक पंप शोधायचाय." आणि खिशातून छापलेला फोटो काढून त्याने टेबलावर ठेवला. पिवळा कुडता. लांब वेणी.

"छान आलाय ना?" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मस्त आलाय. पण नेत्रा २००५ ला आली असं लिहिलंय, आणि बोर्डवर एक पंचावन्न आहे. मी २००५ पासूनचे सगळे आठवडे काढले. वेस्ट कोस्टला सगळ्यात स्वस्त आठवड्यातसुद्धा एक ऐंशीच्या वर आहे. तुम्हाला एवढं स्वस्त कुठे मिळालं? मी व्हर्जिनियाहून येऊन भरेन."

"कूपन होतं आमच्याकडे."

"कूपनने फलकावरचा भाव बदलत नाही, वहिनी," गुरुनाथराव म्हणाले. या माणसाला कधी बोलायचं ते आयुष्यात कळलेलं नाही.

"मग फलक जुना असेल. विसरले असतील बदलायला."

"चार वर्षं?" हे नेत्रा बोलली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने परीक्षितकडे पाहिलं. त्याने बशीकडे. दोघांचे ओठ घट्ट मिटलेले आणि खांदे हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या दोघांनी मिळून मला दहा दिवस तव्यावर भाजलं होतं. पाचशेची लिमिट, बिचारा, आठवडे मागे मागे, सगळं ठरवून!

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी नेत्रावर डोळे वटारले.

"तू मोठं मन केलंस त्या दिवसापासून. मला संशयच आला. कपाटात फोटो होता, मेलमध्ये बायोडेटा होता. मीच परीक्षितला फोन करून सांगितलं, म्हटलं जरा मजा करू. म्हणून तर त्याने ती की घेतली. तुला जेवताना घाम फुटला होता, मावशी."

मी हसले. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण परीक्षितचं हसू विरलं होतं.

"मावशी, वयाचं मला काहीच नाही," तो म्हणाला. "नेत्राने सांगितलं, थर्टी-वन. मी चौतीस आहे. पण चारच वर्षं का? दोन कमी केली असती, पाच केली असती. ही मधलीच चार का गेली, ते नेत्रा सांगत नाही. म्हणते, मावशीला विचार. उद्या माझ्या आईने विचारलं तर मी काय सांगू?"

गुरुनाथरावांनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाजही बदलला. "वहिनी, परीक्षितच्या आईचा मला फोन आला होताच परवा, आणि वयाचं माझ्या तोंडून निघून गेलं. चार वर्षं कुणी उगाच लपवत नाही, असं म्हणाली. आधीचं काही लग्नबिग्न होतं का, असं विचारत होती. मी नाही म्हटलं. पण पुढचं मला तरी कुठे माहीत आहे?"

 पोरीचा संसार उभा राहावा म्हणून मी खोडाखोड केली, आणि त्या खोडाखोडीच्या जागी लोक भलतंच वाचत होते. आता खरं बोलण्याशिवाय इलाज नव्हता, आणि ते खरं मी नेत्राशीही कधी बोलले नव्हते.

"श्रीराम २००२ च्या मार्चमध्ये गेला," मी म्हटलं. "ऑफिसला जाताना, गाडीतच. गुरुनाथरावांना माहीत आहे. त्यानंतर मी पत्रपेटीच्या पुढे जात नव्हते. गाडी चालवता येत नव्हती, पेट्रोल कधी भरलं नव्हतं, बँकेत कधी गेले नव्हते. नेत्राचं शिक्षण संपलं. तिला शिकागोला चांगली नोकरी मिळत होती, ती तिने सोडली. इथे छोट्या कंपनीत लागली. स्थळं येत होती. एकाला म्हणाली आवाज चिरका आहे, एकाला म्हणाली फार घोरत असेल, तोंडावरूनच वाटतं. तिसऱ्याला काय म्हणाली आता आठवत नाही. ती माझ्यासाठी नाही म्हणत होती. मला ते कळत होतं."

मी टेबलावरचा फोटो जवळ ओढला. 

"कळत होतं आणि मी गप्प बसले. ती गेली असती तर या घरात मी एकटी उरले असते, म्हणून. पोरीची चार वर्षं मी खाल्ली. मग तिचं वय लिहायला बसले तेव्हा वाटलं, मी खाल्लेली वर्षं तिच्या नावावर का लावायची? काढून टाकली."

 मला वाटलं, नेत्रा उठून माझ्याजवळ येईल. ती उठली खरी, पण रागाने लाल झाली होती.

"तुला विचारलं होतं का मी?" ती म्हणाली. "काका गेला तेव्हा मला कुठे जायचं होतं गं? तुला एकटीलाच वाईट वाटलं होतं का? नागपूरला दोन खोल्यांत आम्ही पाच जणं. इथे मला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली, स्वतःचा पगार मिळाला. तुला गाडी शिकवली. तू पंपावर नळी धरून माझ्या बुटांवर अर्धा गॅलन ओतलंस, आणि आपण दोघी तिथेच उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो. त्या वर्षात मी पहिल्यांदा हसले, मावशी. दर शनिवारी भाजी आणायला जायचो, तू दुकानातल्या भैय्याशी हिंदीत भांडायचीस. आणि ती मुलं! एकजात बोअर होती. तुझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी नाही म्हटलं मी. ती चार वर्षं माझी होती. मला आवडली होती. आणि तू तीच काढून टाकलीस. मला न विचारता!"

माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं. पाच वर्षं मी मनात एक अपराध बाळगून होते, आणि ज्या मुलीचा म्हणून बाळगला, ती सांगत होती की तो झालाच नाही. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. परीक्षितने माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

"आईला हेच सांगतो," तो म्हणाला. "जसंच्या तसं."

"बुटांचं नको सांगूस," मी डोळे पुसत म्हटलं. मग उठून खणातून माहितीचा कागद काढला, पेन घेतलं आणि सत्तावीसवर काट मारली. २००५ वरही मारली. "सांग नेत्रा, आता नीट लिहिते. वय, साल, सगळं. तू सांगशील तसंच."

नेत्राने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"काही लिहू नकोस, मावशी," ती म्हणाली. "आता कुणाला पाठवणार आहेस?"